देव्हाऱ्यातला पंचम जॉर्ज

आजोबांचे वडील पहिल्या महायुद्धात गेले ते परतलेच नाहीत. शंभर वर्षांनी त्यांना शोधायला निघालं की काय हाती लागतं? एक पदक, एक अंगठा आणि एक तिथी...

एक छोटीशी टेस्ट. मोबाइल बाजूला ठेवा आणि आजोबांच्या वडिलांचं नाव सांगा. गुड! आता त्यांच्या बायकोचं नाव सांगा. काय, झाली ना पंचाईत? ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये मी हा प्रयोग केला. अकराजणांच्या टेबलावर पणजोबांचं नाव बहुतेकांना आलं. पणजीचं नाव फक्त दोघांना. त्यातही एकीला आलं कारण तिच्या मोठ्या बहिणीला तेच नाव ठेवलंय!

दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा या टेस्टमध्ये सपशेल नापास झाले असते. पास व्हायची वेळ आली ती काकांमुळे. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या जमिनीला वारस लावायचे होते आणि तहसील कचेरीला वंशावळ हवी होती. काकांनी फुलस्केपवर झाड काढलं. चौकोनात पुरुषांची नावं, खाली त्यांचे मुलगे, त्याखाली नातू. प्रत्येक गेलेल्या माणसापुढे कंसात ‘मयत’. फक्त एका चौकोनापुढे मयत नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘बसऱ्यास गेले’.

हे माझे पणजोबा. त्यांची गोष्ट घरात सगळ्यांना दोनच वाक्यांत ठाऊक. पलटणीत भरती झाले, बसऱ्याच्या लढाईवर गेले, परत आले नाहीत. मागे राहिली वीस वर्षांची पणजी आणि एक वर्षाचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा. पणजी वारली १९६८ साली. तोवर तिच्या कपाळावर कुंकू होतं, हातात काकणं होती, गळ्यात काळी पोत होती. माणूस बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. भावकीने तो विषय काढला तेव्हा म्हणे पणजीने कोयती दाखवली होती! ती असेपर्यंत पणजोबांचं श्राद्ध झालं नाही. ती गेल्यावर सुरू झालं, तेही सर्वपित्री अमावास्येला. कारण तिथी माहीत नसलेल्यांचा दिवस तोच.

‘त्यांची तारीख मिळाली तर बरं होईल,’ काका सहज म्हणाले. मी डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये काम करते. असलं वाक्य ऐकून स्वस्थ बसणं मला जमत नाही.

हळदीखालचा राजा

पहिली चूक सगळे करतात तीच केली. वीकेण्डला पुण्याला मैत्रिणीकडे गेले होते, तिथून खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले. सुरेख जागा आहे. कापलेलं गवत, एका रांगेतले पांढरे दगड, पाखरांचा आवाज. जायलाच हवं. पण ‘बसऱ्याला गेलेला’ माणूस तिथे कसा सापडणार? ती दफनभूमी दुसऱ्या महायुद्धातल्यांची. पहिल्या महायुद्धासाठी तिथे जे स्मारक आहे, त्यावर १८००हून अधिक नावं आहेत. पण ती भारतात मरण पावून इथल्याच दफनभूमींत पुरलेल्या सैनिकांची. इराकमध्ये गेलेल्या कोकणच्या शिपायाचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी चूक म्हणजे इंटरनेटवर थेट नाव टाकणं. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी लढायला गेले, सत्तर हजारांवर मेले. मृतांची नोंद ठेवते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. ही संस्था १९१७ सालची, दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नावं तिच्याकडे आहेत आणि त्यांची वेबसाइट फुकट आहे. पण आमचं आडनाव म्हणजे गावात दगड मारला तर चौघांना लागेल असं! शिवाय गोऱ्या कारकुनाने ते कसं लिहिलं असेल? व की डब्ल्यू? शेवटचा टी की डी? कित्येक शिपायांच्या नावापुढे आडनावच नाही, नुसतंच पहिलं नाव. माझ्या सर्चला पन्नासच्या वर माणसं आली आणि मी लॅपटॉप मिटला.

खरा क्लू घरातच होता. गणपतीला गावी गेले. आमच्याकडे देव्हाऱ्यात टाक आहेत. खंडोबा, भवानी, वेतोबा आणि पूर्वजांचा एक गोल टाक, बाकीच्यांपेक्षा जाडजूड. पूजेच्या वेळी काकूने तो चिंचेने घासला आणि हळदीच्या थराखालून मिशी-दाढीवाला एक सद्‌गृहस्थ बाहेर आला. मी दोन मिनिटं बघतच राहिले. पंचम जॉर्ज! आमच्या घरात साठ-सत्तर वर्षं इंग्लंडच्या राजाला रोज गंधफूल वाहिलं जात होतं.

तो टाक नव्हता, ब्रिटिश वॉर मेडल होतं. शिपायांना हे पदक चांदीचं मिळालं, मजूर आणि इतर बिनलढाऊ माणसांपैकी पुष्कळांना ब्राँझचं. चांदीचं म्हणून हजारो घरांतली पदकं सोनाराच्या मुशीत गेली. आमचं देवांत बसलं म्हणून वाचलं. या पदकाची खुबी त्याच्या कडेवर असते. कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तुमच्या घरी असं काही असेल तर आधी कड बघा, चेहरा नंतर. मोबाइलचा टॉर्च लावून, टूथब्रशने हळद काढत मी वाचलं. नंबर. सिपॉय. नाव. १०३ मराठा.

१०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. १९२२ साली सगळ्या पलटणींचे नंबर बदलले. त्यामुळे जुना नंबर नवीन कोणता झाला, हे आधी बघावं लागतं. १०५वीची दुसरी झाली, ११०वीची तिसरी, ११७वीची पाचवी. घरातलं कोणी नुसतं ‘आजोबा मराठा रेजिमेण्टमध्ये होते’ असं म्हणालं तर त्यावर शोध पुढे सरकत नाही. पलटणीचा नंबर लागतोच.

नंबर हातात आल्यावर त्या पन्नासमधले तीन उरले. तिघांचं नाव एक, पलटण एक. पण नोंदीत बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असू शकतो. इथे एक टीप. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, त्यामुळे शोधायचं ते ‘रत्नागिरी’ म्हणून. सावंतवाडी तर संस्थान होतं, तिथली माणसं वेगळी शोधावी लागतात. साताऱ्याच्या, कुलाब्याच्या लोकांनीही त्या वेळच्या हद्दी बघून घ्याव्यात. तिघांपैकी एकाच्या पुढे होतं: मालवण, रत्नागिरी. गावाचं नाव असं काही लिहिलं होतं की तीनदा मोठ्याने म्हणून बघितल्यावर ओळखू आलं. आणि पुढे, अमुक हिचा नवरा.

अमुक म्हणजे माझी पणजी. एक अक्षर चुकलेलं, पण तीच. तिचं नाव कुठे छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. काकांच्या झाडावरही ते नव्हतं.

मृत्यूची तारीख: २२ नोव्हेंबर १९१५.

पूना डिव्हिजन

ही तारीख इतिहासाच्या पुस्तकांत आहे. बगदादच्या दक्षिणेला टेसिफोन नावाचं प्राचीन शहर, तिथे तुर्कांशी झालेल्या लढाईचा पहिला दिवस. लढणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचं नाव होतं पूना डिव्हिजन आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. आदल्या रात्री फौज चांदण्यात चालत निघाली. सकाळी खंदकांवर हल्ला, दिवसभर कापाकापी. जनरल टाउनशेंडचे चार हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. उरलेली फौज मागे हटत कुत-अल-अमाराला आली. तिथे डिसेंबरमध्ये तिला वेढा पडला. घोडी मारून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजारजण शरण गेले आणि कैदेत त्यांतले हजारो मेले. ‘बसऱ्याची लढाई’ या गावाकडच्या दोन शब्दांत हे सगळं होतं. बसरा हे फक्त बोटीतून उतरायचं बंदर.

पणजोबांना थडगं नाही. त्यांचं नाव येतं बसरा मेमोरियलवर. शत-अल-अरबच्या काठी उभं असलेलं हे स्मारक १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन उभं केलं गेलं. त्यावर ४०,५००हून अधिकांची नोंद आहे. नोंद म्हणतेय, नावं नाही. ब्रिटिश सैनिकांची नावं दगडात कोरलेली आहेत. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांच्यापुढे ‘आणि इतर इतके भारतीय सैनिक’. आकडा. पणजोबा त्या आकड्यात आहेत. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली, माफीही मागितली. आशियाई आणि आफ्रिकी मिळून निदान १ लाख १६ हजार मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, असं तो अहवाल सांगतो.

पंजाबचं नशीब थोडं बरं. लाहोरच्या म्युझियममध्ये पडून असलेली पहिल्या महायुद्धातल्या भरतीची रजिस्टरं, सुमारे ३ लाख २० हजार नोंदी, ब्रिटनमधल्या पंजाबी लोकांनी मागे लागून नेटवर आणली. आपल्याकडे काय आहे? गावच्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. ‘या गावातून इतके लोक १९१४-१९च्या महायुद्धात गेले, त्यापैकी इतके कामास आले.’ सातारा-रत्नागिरीकडे खूप ठिकाणी आहे. आमच्याही गावात आहे, चुन्याखाली अर्धी बुजलेली. तिथेही फक्त आकडेच.

हे फक्त मराठ्यांपुरतं आहे असं समजू नका. १९१७ साली उभी केलेली १११वी महार पलटण युद्ध संपताच १९२१ साली मोडली, त्यामुळे तिच्या माणसांचा माग काढणं जास्त कठीण. त्याआधी शंभर वर्षांच्या कोरेगाव भीमाच्या खांबावर मात्र शिपायांची नावं आहेत आणि नावाच्या शेवटी ‘नाक’ बघून महार सैनिक ओळखता येतात. कोकणातले खलाशी बोटींवर कोळसा टाकत बुडाले, त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दोन हजारांहून जास्त माणसं. रोज मशीदला उतरणाऱ्या किती जणांनी ते पाहिलंय?

डाव्या हाताचा अंगठा

तारीख मिळाली, काका खूश. माझं डोकं मात्र भणभणत होतं. इंग्रज सरकारकडे पणजीचं नाव होतं, गाव होतं. मग कळवलं नाही? की कळवलं आणि घरातल्या कोणी दडवलं? पणजोबांना एक मोठा भाऊ होता. जमीन त्याच्या ताब्यात होती. त्या शाखेशी आमचं आजही फारसं जात-येत नाही. माझ्या डोक्यात सिनेमा तयार झाला, व्हिलनसकट.

महाराष्ट्रात आपण सगळे थोडेफार वंशावळतज्ज्ञ आहोत, ते सरकारच्या कृपेने. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार हे शब्द घराघरात माहीत असतात. कोकणस्थांचे कुलवृत्तांत असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या खापरपणजोबाची सही समोर ठेवतात. फक्त या सगळ्यांत बायका शोधू नका. कुलवृत्तांतात मुलगी लग्न होऊन एका ओळीत संपते.

मी कोतवाल बुकापासून सुरुवात केली. गावात झालेल्या मृत्यूंचीच नोंद तिथे, त्यामुळे पणजोबा नाहीत. मग फेरफार. माणूस मेला की जमिनीवरचं त्याचं नाव कमी होऊन वारसाचं लागतं आणि तलाठी त्याची नोंद घालतो. ही हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली. आता बऱ्याच ठिकाणची जुनी पानं स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. मी मात्र रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला, दोन खेपा घातल्या आणि तिसऱ्या खेपेला नक्कल हातात पडली. अख्खी मोडीत! मुंग्यांची रांग वळवळत गेल्यासारखी अक्षरं.

मोडी वाचणाऱ्यांचे सध्या सुगीचे दिवस आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या निवृत्त मास्तरांच्या दारात रांगा लागल्या. आमच्या मास्तरांनी भिंग लावलं, चहा घेतला आणि सावकाश वाचलं. १९१७ची नोंद. खातेदार बसरे येथे लढाईत मयत. वारस मुलगा, अज्ञान. पालक, आई. खाली तिचं नाव आणि ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’. शेजारी शाईचा एक ठसा. तांदळाएवढी फट मध्ये, बाकी रेघा स्पष्ट.

मोठ्या भावाने काही दडवलं नव्हतं. उलट त्याच नोंदीला साक्षीदार म्हणून त्याची सही होती आणि जमीन मुलाच्या नावावर सरळ लागली होती. आमचा व्हिलन निर्दोष सुटला! पणजीने मात्र १९१७ साली नवऱ्याच्या मरणाखाली अंगठा उठवला आणि पुढची एक्कावन्न वर्षं कुंकू लावलं.

मास्तर म्हणाले, ‘असं नका समजू की तिला माहीत होतं. बायकांना कोण वाचून दाखवत होतं? बोट धरायचं, शाईत बुडवायचं, कागदावर टेकवायचं. झालं.’ पटण्यासारखं होतं. बाबांचंही तेच मत पडलं. वडील म्हणायचे तशी ती वाट पाहत होती, त्यात बदल कशाला, असा सूर.

उरली आजी. वय एक्क्याण्णव, कान तिखट. पणजीच्या हाताखाली तिने अठरा वर्षं सून म्हणून काढली. तिला सांगावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मीच पडवीत तिच्याजवळ बसले आणि नक्कल दाखवली. तिने अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं.

‘माझ्या सासूक सगळा म्हायत होता,’ ती म्हणाली. ‘तेच्याशिवाय अंगठो देतली कशाक?’

मग एकेक निघत गेलं. सासू वर्षातून दोनदा मालवणला कचेरीत जायची. बरोबर कोणाला नेत नसे. येताना तांदूळ आणि पोरांना खडीसाखर. पैसे कुठले, हे कोणी विचारायचं नाही. आणि तो टाक? तो देव्हाऱ्यात ठेवला सासूनेच. गेलेल्यांच्या टाकांच्या ओळीत, बाकीच्या देवांच्या नाही.

मग कुंकू कशासाठी? मी आजीला विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी शहरात शिकून फुकट गेले. वीस वर्षांची बाई, पदरात पोर, बाजूला भावकी, गावात खोत. घरधनी ‘येणार आहे’ म्हटल्यावर लोक दारात जपून येतात. शिवाय हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला बोलावतात. आजी एवढंच म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडायला लागली.

खरं काय, मला माहीत नाही. बाबा अजून वाट पाहणारी आजी धरून आहेत. मला आजीची कचेरीला जाणारी सासू जास्त आवडते. पण आवड म्हणजे पुरावा नव्हे, हे मला माझ्या नोकरीनेच शिकवलंय.

वंशावळीचं नवं झाड मी काढलं. चौकोनांत बायकाही घातल्या. कचेरीतल्या क्लार्कने ते बघून ‘एवढं नको’ म्हणून जुनंच घेतलं. फक्त ‘बसऱ्यास गेले’ खोडून ‘मयत’ लिहायला लावलं. आजीने मात्र वॉर ग्रेव्ह्जचा प्रिंटआउट मागून घेतला, त्यातलं सासूचं नाव कुठे आहे ते विचारलं, चुकलेलं अक्षर ऐकून खूप हसली आणि कागद ट्रंकेत ठेवला.

भटजींनी पंचांगाचा हिशेब करून तिथी काढून दिली आहे. २२ नोव्हेंबर १९१५ म्हणजे शके १८३७, कार्तिक वद्य प्रतिपदा. आदल्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती. आमच्या देवळात दीपमाळ पेटली होती तेव्हा तिकडे त्याच चांदण्यात पलटण चालत होती.

यंदाच्या प्रतिपदेला मी रजा टाकली आहे. फॉर्मवर कारण काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. ‘डेथ इन फॅमिली’ म्हटलं तर एचआर तारीख विचारणार.